यांनी भरलेली बॅग

प्रिय धाकटे,

त्या सकाळी दूध उतू गेलं ते तुझ्यापायी. मी ओट्याशी उभी राहून गाळणं घासत होते, आतल्या खोलीत तू कशाला तरी खदखदून हसलीस, काय झालं म्हणून मी दारातून डोकावले आणि तेवढ्यात दूध बर्नरवर आलं. मग ओटा पुसा, बर्नर खरवडा, उरल्या दुधात पुन्हा चहा टाका. चादरी आदल्या दिवसापासून भिजत होत्या, त्या पिळायला घेतल्या. चादर पिळायची तर दुसऱ्या टोकाला तुझे दादा लागतात, एकटीने पिळली की निम्मं पाणी चादरीतच राहतं. त्यांना हाक मारली तर आतून उत्तर आलं, आत्ता नाही, मी बॅग भरतोय. जणू आत ऑपरेशन चाललं होतं. मग मी एकटीनेच पिळल्या, गॅलरीत वाळत घातल्या आणि पाणी खाली टपकायला लागलं म्हणून खालच्या बाईंची बोलणी खाल्ली. तू स्टुलावर पाय वर घेऊन बसली होतीस, हातात कप, आणि हे जमिनीवर फतकल मारून. तू एकेक वस्तू द्यायचीस आणि ते ठेवायचे. तो स्वेटर दे, तो नव्हे गं, करडा. आणि तू म्हणालीस, दादा, लेकीकडे चाललायस की चंद्रावर? एवढंच माझ्या कानावर पडलं. मी आत येऊन बसले नाही. मला चादरी वाळत घालायच्या होत्या.

तुझ्या दादांचं सामान भरणं तू लहानपणापासून पाहिलं आहेस, तरी आज ते पहिल्यापासून लिहावंसं वाटतंय. काचेच्या कारखान्यात सगळा जन्म त्यांनी पॅकिंग खात्यात काढला. बरण्या, पेले, दिव्यांची झाकणं, प्रयोगशाळेतल्या नळ्या, जे काही फुटण्यासारखं असेल ते त्यांच्या हातून खोक्यात जायचं. खोकं भरून झालं की ते कानाशी धरायचे आणि हलकेच हलवायचे. आत जरा जरी खुळखुळलं तर म्हणायचे, हे बोलतंय, आणि पुन्हा उपसायचे. मुकं झालं की मगच पट्टी मारायची. फुटतं ते धक्क्याने नाही, पोकळीने फुटतं, असं त्यांचं म्हणणं होतं. एका दिवसाच्या गावाला जायचं असलं तरी आमच्या घरात पिशवी कानाशी धरून हलवली जायची. लेक शाळेत जायला लागली तेव्हा तीही दप्तर कानाशी धरायची आणि बाबांकडे न्यायची, बोलतंय का बघा. लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षरओळख जेमतेम होती हे तुला ठाऊक आहे. खोक्यात कोंबायला कारखान्यात रद्दी यायची, त्यातले चुरगळलेले कागद हे खिशातून घरी आणायचे, मी ते हाताने सपाट करायचे आणि वाचायचे. माझं शिक्षण असं रद्दीवर झालं. अर्ध्या बातम्या, शेवट फाटलेल्या गोष्टी. पुढे वाचनालयातून पुस्तकं आणायला लागले तेव्हा गोष्टीला शेवट असतो याचंच मला आधी नवल वाटायचं.

असो. बॅग भरून झाली, पलंगाखाली गेली, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात कपाटावरची छत्री काढता काढता हे खाली बसले ते उठलेच नाहीत. ते तू पाहिलंस, तुला काय सांगू. लेकीला येता आलं नाही. तिचा पासपोर्ट कुठल्याशा शिक्क्यासाठी तिकडच्या कचेरीत अडकला होता. तिने किती हातापाया पडून मागितला, पण त्यांचं एकच, काम पूर्ण होईपर्यंत मिळत नाही. तिने बापाला शेवटचं पाहिलं ते फोनच्या काचेतून, आणि तेसुद्धा धड दिसलं नाही. त्यानंतर ती रडली नाही. रोज फोन करायची, औषध घेतलंस का, जेवलीस का, आणि ठेवायची. जावई मला वेगळा फोन करून सांगायचे की ती रात्री झोपत नाही, उठून स्वयंपाकघरातले डबे पुसत बसते. मी इकडून काय करणार होते? डबे पुसते तर पुसू द्या, म्हणाले.

मग एक दिवस तिने विचारलं, आई, बाबांनी भरलेली बॅग आहे का गं अजून? म्हटलं, आहे, पलंगाखालीच आहे. मी ती काढली नव्हती. झाडायला गेले की केरसुणी तिला वळसा घालून जायची. त्यावर ती म्हणाली, उघडू नकोस. तशीच घेऊन ये. मला बघायचीय. धाकटे, मग प्रत्येक फोनला हेच. उघडली नाहीस ना? सामानात टाकू नकोस, तिकडे हरवतात, हातातच ठेव. तिच्याजवळ त्यांच्या हातचं दुसरं काही नव्हतं गं. आम्ही इथे निदान त्यांचं कपाट बघायचो, चपला बघायचो. तिला ती एक बॅग राहिली होती, आणि ती तिच्यापर्यंत बंद पोचवायची एवढंच माझं काम होतं. मुलीसाठी मला दुसरं काही करता येणार नव्हतं, हे तरी नीट करू असं मी ठरवलं होतं.

विमानतळावर तुझ्या मुलाने मला दारापर्यंत सोडलं. आत गेल्यावर रांगेत उभी राहून मी भिंतीवरचा प्रत्येक फलक वाचला. तुला हसू येईल, पण मला ते फलक आवडले. कुणी लिहिलेत कोण जाणे, एक शब्द जास्तीचा नाही. धारदार वस्तू हातातल्या सामानात नेऊ नये. द्रव पदार्थ शंभर मिलिलीटरपेक्षा मोठ्या बाटलीत नेऊ नये. सुट्या बॅटऱ्या मोठ्या सामानात ठेवू नयेत, जवळ ठेवाव्यात. अनोळखी माणसाकडून काही घेऊ नये. वाचताना सगळं पटत होतं, कारण ते दुसऱ्यांसाठी लिहिलंय असं मला वाटत होतं. बॅगेत काय आहे हे मला कुठे ठाऊक होतं? कपडे असतील, एवढंच. त्यांनी ती भरली तेव्हा मोठ्या सामानात टाकायची म्हणून भरली होती. हातातली म्हणून मी नेत होते.

पहिली अडचण काउंटरवरच आली. तिथली मुलगी बोलायला गोड होती, केस घट्ट बांधलेले, नखं लाल. तिने मोठी सुटकेस वजनाला लावली, हातातल्या बॅगेला चिठ्ठी बांधली आणि तोंडपाठ असल्यासारखं विचारलं, सामान तुम्ही स्वतः भरलंय ना? कुणी काही दिलेलं नाही ना? मी म्हटलं, सुटकेस मी भरली. ही नाही. तिची बोटं थांबली. मग कोणी भरली? म्हटलं, आमच्या यांनी. ते कुठे आहेत? म्हटलं, वारले. हो म्हणून टाकायचं होतं असं मला नंतर जावयांनी समजावलं, सगळेच हो म्हणतात. पण समोरच्याने सरळ विचारल्यावर सरळ सांगायचं, दुसरं मला सुचत नाही. त्या मुलीने साहेबांना बोलावलं. साहेब वयाने तुझ्या मुलाएवढे, पण टाय वगैरे. ते म्हणाले, आजी, असं करा, इथे बाजूला बसून बॅग उघडा, सगळं बाहेर काढा आणि पुन्हा तुमच्या हाताने भरा. म्हणजे मग तुम्ही भरली असं होईल. मी म्हटलं, साहेब, तेच तर नको आहे. मग मी त्यांना लेकीचं सांगितलं. मागे रांग वाढत होती, कुणाचं तरी मूल रडत होतं, आणि मी एका परक्या माणसाला आमच्या घरातलं मरण सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं हे खरं. शेवटी म्हणाले, पुढे मशिन आहे. मशिनला काही दिसलं नाही तर कोणी उघडणार नाही. माझ्या हातात एवढंच आहे. मी त्यांना दुवा दिला आणि बॅग पोटाशी धरून पुढे गेले. चालता चालता एकदा कानाशी धरून हलवली. मुकी होती.

मशिनपाशी चपला काढा, स्वेटर काढा, फोन वेगळा ठेवा, सगळ्यांची धांदल. बॅग ट्रेमध्ये ठेवली, रबरी पट्ट्यांच्या पडद्यामागे गेली, आणि मी कमानीतून पलीकडे जाऊन उभी राहिले. माझ्या पुढच्या माणसाची बॅग आली, माझ्या मागच्या बाईंची पर्स आली. माझी आली नाही. ती काचेपलीकडच्या दुसऱ्या पट्ट्यावर सरकत गेली आणि तिथेच थांबली. मशिनच्या स्क्रीनसमोर बसलेला माणूस मान वाकडी करून बघत होता. निळे हातमोजे घातलेली एक तरुण बाई बॅग घेऊन स्टीलच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, ही कोणाची? मी म्हटलं, माझी. मावशी, यात एक धारदार वस्तू आहे आणि एक मोठी काचेची बरणी आहे, द्रव पदार्थ आहे. मी म्हटलं, बरणी कसली, मला ठाऊक नाही. आणि म्हणता म्हणताच आठवलं. तुझा मध. लेकीला लहानपणी खोकल्याला द्यायचो तसला, ओळखीच्या माणसाकडून मुद्दाम आणवलेला, तू त्या सकाळी पिशवीतून काढून टेबलावर ठेवला होतास. परवा तू फोनवर विचारलंस, मध पोचला का गं, आणि मी तुझ्या गुडघ्यांची चौकशी करायला लागले, ते यामुळे.

मी तिला म्हटलं, अगं, तो मध आहे, पाणी नव्हे. ती म्हणाली, मधही द्रवातच येतो. मी म्हटलं, थंडीत तर चमचा उभा राहतो त्यात. तिच्या बाजूला उभा असलेला जाड मिशीवाला सहकारी म्हणाला, मावशी, उपडा केला तर सांडेल का? मी म्हटलं, सांडेल, पण त्याच्या सवडीने. ते दोघंही हसले. मला वाटलं, हसले म्हणजे सोडतील. पण हसणं वेगळं आणि नियम वेगळे. मी म्हटलं, बरं, बरणी काढून घ्या, पण बाकी काही हलवू नका. बाजूने हात घाला आणि तेवढीच ओढून काढा. का, तेही सांगितलं. त्या बाईने खरंच प्रयत्न केला गं. तिला दोष द्यायला नको. तिने चेन थोडीशीच उघडली, हात मनगटापर्यंत आत घातला, डोळे मिटून चाचपलं, गाय विताना अडली की वासरासाठी हात घालतात तसं. पण तुझ्या दादांनी ते भरलं होतं. तिथे बोट शिरायला जागा नव्हती. बरणी अगदी मधोमध, आणि सगळी बॅग तिच्याभोवती रचलेली. चोराला निघू नये, धक्क्याने हलू नये, म्हणून जे जन्मभर शिकले ते सगळं त्यांनी त्यात घातलं होतं, आणि तेच आता आडवं आलं. ती बाई मला म्हणाली, मावशी, वरून काढल्याशिवाय निघत नाही. मी म्हटलं, मग मी काढते, मला माहीत आहे ते कसं ठेवतात. मी हात पुढे केला तर मिशीवाला एकदम म्हणाला, हात लावायचा नाही. तपासणी चालू असताना सामानाला हात लावायचा नाही. दोन पावलं मागे व्हा.

मी मागे झाले. हात कुठे ठेवायचे ते कळेना म्हणून पाठीमागे धरले, शाळेत मुलं धरतात तसे. तिने एकेक काढायला सुरुवात केली. मला वाटलं होतं मी लक्षात ठेवीन, काय पहिलं निघालं, काय त्याखाली. पण माणसाचं लक्ष कुठे राहतं अशा वेळी? शर्टाच्या कॉलरमध्ये कागदाची सुरळी घातलेली होती, इस्त्री मोडू नये म्हणून, ती सुरळी पडली आणि टेबलावरून घरंगळत गेली, मी फक्त तिच्याकडे बघत राहिले. स्वेटर निघाला. लेकीसाठी घेतलेली शाल निघाली. पायमोज्यांचे गोळे, बुटांच्या आत बसवलेले. दाढीचं सामान. चिकटपट्टीचं रीळ. कडेच्या कप्प्यातून त्यांचा कारखान्यातला कटर निघाला, मुठीला सुतळी गुंडाळलेला. तिकडे पोचल्यावर पट्ट्या कापायला काहीतरी हवं म्हणून घेतला असणार. पुठ्ठ्याचे तुकडे निघाले, कडा झिजू नयेत म्हणून कापून बसवलेले. आणि मग ती बरणी, वर्तमानपत्राच्या कितीतरी थरांत. ती बाई थर सोडत गेली आणि प्रत्येक कागद टेबलाखालच्या टोपलीत टाकत गेली. मी म्हटलं, कागद टाकू नका हो. तिला ऐकू गेलं नाही, मी बहुतेक फार हळू बोलले.

बरणीचं काय करायचं ते तिने व्यवस्थित समजावलं. बाहेर कोणी असेल तर परत नेऊन द्या. तुझा मुलगा केव्हाच परत निघाला होता. नाहीतर मागे जाऊन मोठ्या सामानात टाका. मोठं सामान गेलं होतं आणि काउंटर बंद व्हायची वेळ झाली होती. नाहीतर इथे सोडा. मी म्हटलं, तू घरी ने. चांगला आहे, पोरांना खोकल्याला दे. ती म्हणाली, आम्हाला घेता येत नाही, मावशी, नोकरी जाईल. म्हणून तो मध आणि तो कटर एका पारदर्शक पेटीत गेले. तिथे लोकांच्या पाण्याच्या बाटल्या होत्या, अत्तरं, शाम्पू, एक छोटी कात्री. त्यात आपली बरणी सरळ उभी राहिली, तिरपी झाली नाही, तेवढंच बरं वाटलं. मग ती बाई म्हणाली, झालं, भरून घ्या. जरा पटकन, मागे लोक आहेत. आणि पुढच्या ट्रेकडे वळली. वळता वळता माझ्या दंडाला हात लावून गेली. तेव्हा मला रडू येईल असं वाटलं, पण मागच्या माणसाने त्याचे बूट लेकीच्या शालीवर ठेवले, म्हणून मी आधी ते उचलले. जे हाताला लागेल ते कोंबलं आणि चेन ओढली. दादांची बॅग, आणि चेन बसेना. विमानापर्यंत चालत गेले तो सगळा वेळ ती बोलत होती.

मधल्या विमानतळावर बराच वेळ थांबायचं होतं. काचेच्या मोठ्या भिंतीशी एक खांब होता, बाहेर दुपारचं ऊन, त्या खांबाशी मी जमिनीवर बसले आणि बॅग उघडली. आधी फक्त चेन बसेल असं करायचं मनात होतं. मग स्वेटरची घडी घातली. त्यांची घडी मला येते, इतकी वर्षं पाहिली आहे, बाह्या मागे, गळा आत, आणि वरून तळहाताने एकदा दाबायचं. मग शर्ट. कॉलरमधल्या सुरळ्या मी टेबलावरून गोळा करून खिशात घातल्या होत्या, त्या बसवल्या. बुटांत मोजे बसवले. पुठ्ठे कडेला लावले. मधोमध मोठा खड्डा राहिला. बरणी नव्हती ना. तिथे शर्ट घातला तर खचायचा, शाल घातली तर एका बाजूने पोकळ राहायचं. शेवटी मी माझे लोकरी पायमोजे आणि कानटोपी पर्समधून काढली, बाकावर कुणीतरी टाकलेलं वर्तमानपत्र घेतलं, आणि गुंडाळून गुंडाळून बरणीएवढं गाठोडं केलं. तेवढं बरोबर बसलं. स्वेटर उरला, तो कुठेच जाईना म्हणून वर ठेवला. चेन बसली. कानाशी धरून हलवली, तर मुकी. शेजारून जाणारा एक सफाईवाला थांबून बघत होता, म्हातारी बॅगेला कान लावून काय ऐकतेय म्हणून. मला तेव्हा रडू आलं नाही. उलट जमलं म्हणून समाधान वाटलं, आणि त्या समाधानाचीच मग सगळा प्रवासभर लाज वाटली.

मी लेकीला सांगणारच होते. शपथेवर सांगते, उतरल्या उतरल्या सांगायचं असं ठरवून गेले होते. पण ती समोर उभी होती, किती वाळली आहे म्हणून सांगू, आणि मला मिठी मारायच्या आधी तिने बॅग घेतली, दोन्ही हातांनी, तान्हं मूल घेतात तशी. उघडली नाहीस ना? आणि माझं तोंड उघडायच्या आत जावई म्हणाले, आधी घरी चला, त्या दमल्यात. घरी गेल्यावर तिने ती आपल्या खोलीत नेली, गुडघे टेकून बसली, आणि धाकटे, तिने ती कानाशी धरली. इतकी मोठी बाई, कचेरीत लोकांना कामं सांगते, आणि दप्तर धरायची तशी धरली. हलवली. माझ्याकडे बघून म्हणाली, मुकी आहे, आई. मग उघडली. स्वेटर वर होता. ती म्हणाली, बघ, उतरल्या उतरल्या थंडी वाजेल म्हणून वरच ठेवलाय. आणि स्वेटरवर डोकं ठेवून रडली. सगळे महिने साठलेलं रडली. जावई दारात उभे राहून मला खुणेने सांगत होते, रडू द्या, रडू द्या. त्या दिवशी ती संध्याकाळी झोपली ती दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत, आणि आता रोज झोपते. डबे पुसत नाही. जेवते. परवा माझ्या हातच्या चपात्यांना नावं ठेवली, इतकी बरी आहे. बॅग तिथेच उघडी आहे, तिने वरच्या स्वेटरखेरीज कशाला हात लावलेला नाही, आम्हालाही लावू देत नाही. कामावर जाताना एकदा दारातून बघते. मी तिच्यामागे उभी असते. ती वडिलांचा हात बघते आणि मी माझ्या घड्या बघते. एकदा मी सुरुवात केली, अगं, विमानतळावर ना, आणि ती म्हणाली, त्यांनी तुला त्रास दिला का? मी म्हटलं, नाही, चांगले होते.

हे सगळं मी तुला फोनवर सांगू शकले नाही कारण फोन तिचा असतो, आणि भिंती इथे कागदासारख्या आहेत. पण आता लिहिल्यावाचून गत्यंतर नाही. रविवारी जेवताना ती म्हणाली, पुढच्या महिन्यात बाबांचा वाढदिवस आहे, त्या दिवशी मी बॅगेतलं एकेक बाहेर काढणार. आत्याला फोनवर घेऊ, ती तिथे बसली होती ना, तिनेच एकेक वस्तू दिली, ती सांगेल कुठली ठेवताना बाबा काय म्हणाले. म्हणजे तू तिकडून म्हणणार, आता पुठ्ठा, आता शर्ट, आता माझा मध, आणि ती इकडे वर्तमानपत्र सोडणार, ते आपल्या भाषेतलं नाही, तारीख दादा गेल्यानंतरची, आणि आत माझे पायमोजे. धाकटे, तू खोटं बोल असं मी म्हणत नाही. तो तुझा भाऊ होता आणि ती सकाळ तुझी आहे, मी तर त्या वेळी गॅलरीत होते. मी आधी सांगितलं तर तिची झोप जाईल, नाही सांगितलं तर ती कागद सोडताना तारीख स्वतःच वाचेल. मला दोन्ही बाजूंनी वाट दिसत नाही. तुला काय वाटतं ते लिही, पाकिटावर माझं नाव घाल, टपालाची पेटी मीच उघडते. आणि खरं काय वर होतं, स्वेटर होता का, तेवढं आठवत असेल तर तेही लिही. रविवारी ती असं म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेल्यावर मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन मधाची बरणी आणली, लेबल पाण्यात भिजवून खरवडून काढलं, बरणी कोरडी केली आणि ती हातात धरून दुपारभर बॅगेपाशी बसले. दोघांची यायची वेळ झाली तेव्हा उठले आणि ती ओट्यावर साखरेच्या डब्याशेजारी ठेवली.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून,
तुझीच
वहिनी